सहाशे कोटी थेंबांचा डबा

१२ ऑक्टोबर २०२४ चा दसरा बीड जिल्ह्याच्या लक्षात राहिला तो नारायणगडावरच्या मनोज जरांगे पाटील यांच्या मेळाव्यामुळे. धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गडावर त्या दिवशी माणसं किती होती, यावरून पारावर आजही खडाजंगी होऊ शकेल. मला त्या वादात पडायचं नाही. अशा गर्दीत माझी नजर खाली जाते, गाड्यांच्या बंपरांवर. एकामागे एक सरकणाऱ्या गाड्यांत कुणाचा तरी बंपर कुणाला तरी घासतोच, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पाण्याची बादली, पॉलिश पेपर आणि स्प्रेचा डबा घेऊन कुणीतरी बसलेला दिसतो. डेंटिंग-पेंटिंगवाला एका बंपरचे तीन-चार हजार सांगतो, डबा दोन-चारशेला मिळतो. तिथून हा उद्योग सुरू होतो.

आधी मैदानाचा हिशेब करू. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. एका गाडीला उभं राहायला, वळायला आणि दार उघडायला मिळून २५ चौरस मीटर दिले, तर एकरात १६० गाड्या मावतात. समजा शंभर एकरांचा वाहनतळ गच्च भरला. १६,००० गाड्या, ३२,००० बंपर. एका बंपरचा रंगवायचा भाग ढोबळमानाने एक चौरस मीटर धरा. हे सगळे बंपर सोलून रानात अंथरले, तर जवळजवळ आठ एकर झाकलं जाईल. आता त्या आठ एकरांवरचा प्रायमर, रंग आणि वरचा चकचकीत थर असं सगळं खरवडून एका जागी गोळा केलं तर किती भरेल? सुमारे ३,२०० लिटर. उन्हाळ्यात गावाला पाणी घेऊन येणारा दहा हजार लिटरचा टँकर त्याने एक तृतीयांशही भरायचा नाही.

या हिशेबाची किल्ली फार सोपी आहे आणि ती एकदा हातात आली की रंगकामातलं प्रत्येक कुलूप उघडतं. एक चौरस मीटरवर एक मायक्रॉन जाडीचा थर द्यायला बरोबर एक मिलिलिटर लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन, वर्तमानपत्राचा कागद ६०-७०. गाडीवरचे सगळे थर एकत्र धरले तर १०० ते १५०. म्हणजे लाखोंच्या गाडीचं रूप दोन कागदांच्या जाडीत आटोपलेलं असतं.

हीच किल्ली जिल्ह्याला लावून पाहू. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. त्यावर एक मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या सत्तराव्या भागाइतका रंग द्यायचा तर १ कोटी ७ लाख लिटर रंग लागेल. दहा हजारी टँकर १,०६९. गाडीसारखा १०० मायक्रॉनचा पूर्ण थर द्यायचा तर १ लाख ७ हजार टँकर. ऐकायला भयंकर वाटतं, पण १०० मायक्रॉन म्हणजे पावसाच्या भाषेत ०.१ मिलिमीटर. एवढ्या पावसाची नोंद झाली तर शेतकरी आभाळाकडे बघून जे बोलेल ते इथे छापता येणार नाही. एक मिलिमीटर पाऊस जिल्ह्यावर पडला की १,०६९ कोटी लिटर पाणी पडतं, तरी धरणाच्या मापात ते पाव ते अर्ध्या टीएमसीच्या मध्ये कुठेतरी बसतं.

आता त्या बिचाऱ्या बंपरकडे. या भागातल्या पिकअप, जीप, छोटा हत्ती यांचे पुष्कळ बंपर मुळात रंगवलेलेच नसतात. काळं प्लास्टिक तसंच असतं आणि चार-पाच उन्हाळ्यांत ते राखाडी, मग पांढुरकं पडतं. भर उन्हात एका चौरस मीटरवर अतिनील प्रकाशाचे दर सेकंदाला साधारण आठ लाख कोटी कोटी कण आदळतात. हे अक्षरशः वाचा: एक कोटीला एक कोटीने गुणायचं, आणि येईल त्याला आठ लाखांनी. आकड्यात आठावर १९ शून्यं. त्यातल्या तगड्या कणांत प्लास्टिकच्या साखळीतला कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. प्रत्येक कणाने तो तुटतो असं नाही. प्लास्टिकमध्ये घातलेली काजळी बहुतेक कण गिळते. पण कोटी कोटींच्या गोळीबारात नेम चुकायचं प्रमाण कितीही मोठं असलं तरी काही वर्षांत पृष्ठभाग भेगाळतो, भुकटी होतो आणि त्या बारीक भेगांवरून प्रकाश विखुरला की काळ्याचा राखाडी दिसतो.

ड्रायव्हर मंडळी यावर डिझेलचा बोळा फिरवतात. लग्नाच्या वरातीपुरतं ते काळं दिसतंही. नंतर रंगवायला घेतलं की हाच बोळा नडतो, आणि त्याहून नडतं ते डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश. एक मिलिलिटर सिलिकॉन एका नॅनोमीटरच्या, म्हणजे जेमतेम रेणूभर जाडीच्या थरात पसरलं तर १,००० चौरस मीटर झाकतं. आपल्या मापात दहा गुंठे. बंपरला त्याचा हजारावा भाग पुरतो. एवढा डोळ्याला न दिसणारा तवंग राहिला तरी ताजा रंग त्यापासून पळतो आणि रंगात गोल गोल खड्डे पडतात. म्हणून साबणाच्या पाण्याने धुणं, मग थिनरचा किंवा स्पिरिटचा स्वच्छ फडका, आणि त्यानंतर हात न लावणं या कंटाळवाण्या पायऱ्या कुणी गाळायच्या नसतात. बहुतेकजण गाळतात.

समजा धुतलं. तरी पुढचा अडथळा मूळ प्लास्टिकचाच आहे. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचा असतो, त्यात लवचीकपणासाठी रबर मिसळलेलं असतं. इटलीच्या ज्युलिओ नाट्टांनी १९५४ मध्ये याच्या रेणूंची शिस्तबद्ध साखळी घडवली आणि १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. १९७२ मध्ये आलेली फ्रान्सची रेनॉ ५ ही प्लास्टिकचा बंपर वापरणाऱ्या सुरुवातीच्या मोटारींपैकी एक. आज जगात वर्षाला सात-आठ कोटी टन पॉलिप्रॉपिलिन तयार होतं. त्याचा एक स्वभाव बादलीपासून बंपरपर्यंत सारखा आहे: ते कशालाच चिकटू देत नाही. पाण्याचा पृष्ठताण ७२ एकक धरला तर पॉलिप्रॉपिलिनची पृष्ठऊर्जा ३० च्या आसपास असते, आणि अंगापेक्षा ओढ जास्त असलेला द्रव पसरायच्या ऐवजी गोळा होतो. कारखान्यात बंपरवरून ज्योत फिरवून त्याचा वरचा रेणूभर थर बदलतात. घरी तो नाद करू नये. घरी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मिळतो. त्याचा दोन ते पाच मायक्रॉनचा पारदर्शक थर सगळ्या रंगाचं ओझं पेलतो. हा एक डबा वाचवायला गेलेल्याचा बंपर पहिल्या प्रेशर वॉशमध्ये सालपटं सोडतो.

घासायच्या कागदाचे आकडे उलटे चालतात. ४०० नंबरच्या वॉटर पेपरवरचा कण ३५ मायक्रॉनचा, ८०० चा २२, १५०० चा साडेबारा, २००० चा दहा. प्रायमरचा थर ३० मायक्रॉनचा असेल आणि त्यावर चारशेचा कागद जोर लावून फिरवला, तर कण थराहून मोठा आहे हे लक्षात घ्यावं. पुट्टीला चारशे ठीक; प्रायमरवर आठशे, तोही ओला.

एवढं झाल्यावर डबा हातात घ्यायचा. हा डबा मला विसाव्या शतकातल्या फार हुशार वस्तूंपैकी वाटतो. नॉर्वेच्या एरिक रॉथाइम या अभियंत्याने त्याचं पेटंट १९२७ मध्ये मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गुडह्यू आणि सलिव्हन यांनी सैनिकांसाठी कीटकनाशकाचा डबा बनवला. त्याचं पेटंट १९४३ चं, आणि असे कोट्यवधी डबे मलेरियाच्या मुलखात गेले. रंगाची पाळी १९४९ ला आली. इलिनॉयमधल्या सिकॅमोर गावचा रंगविक्रेता एडवर्ड सीमोर याला आपला ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकाला चटकन दाखवायचा होता. त्याच्या बायकोने, बॉनीने, डब्यात भरून फवारून दाखवायची कल्पना सुचवली. रंग दाखवायची युक्ती रंगाहून जास्त खपली. आज सगळ्या प्रकारचे मिळून जगात वर्षाला हजार कोटींहून जास्त फवारा-डबे तयार होतात.

डब्यात काय असतं? ४०० मिलिलिटर माल धरला तर त्यातला जवळपास निम्मा रंग आणि त्याचा द्रावक, उरलेला निम्मा दाबाखाली द्रव झालेला वायू. हा वायू पूर्वी क्लोरोफ्लुरोकार्बन होता. त्यातला क्लोरीनचा एक अणू वरच्या वातावरणात ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये हा धोका दाखवला, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि १९९५ मध्ये क्रुटझन यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं. आता डब्यात स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद असतात. ओझोन वाचला, पण डबा पेटता झाला.

दाब किती? साध्या तापमानाला चार बारच्या आसपास, म्हणजे ५८ पौंड. आपल्या जीपच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतात. डब्याचा तळ साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे ३३ चौरस सेंटिमीटरचा. त्यावर आतून १३५ किलोचा रेटा पडतो. सव्वा क्विंटलहून जास्त ओझं जेमतेम ०.२ मिलिमीटर पत्र्याचा तो डबा निमूट सांभाळतो. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेपाशी राहिला तर दाब दुपटीवर जातो, रेटा पावणेतीन क्विंटल होतो. डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं ते यासाठी, आणि बीडच्या उन्हात बंद गाडीत पन्नास अंश गाठायला फार वेळ लागत नाही.

बटण दाबलं की हा दबलेला द्रव एका बारीक भोकातून मोकळा होतो, क्षणात अडीचशे पट फुगतो आणि सोबतच्या रंगाच्या चिंधड्या करतो. प्रत्येक चिंधडी म्हणजे एक थेंब. थेंब दहा मायक्रॉनपासून शंभरपर्यंत सगळ्या मापांचे असतात. हिशेबासाठी ४० मायक्रॉनचा थेंब धरू. डब्यातला २०० मिलिलिटर रंग अशा थेंबांत वाटला तर थेंब होतात सुमारे ६०० कोटी. पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या पुढे आहेत. म्हणजे दीड डबा हातात असला तर जगातल्या प्रत्येक माणसाला एकेक थेंब देऊन पाऊणशे कोटींच्या आसपास शिल्लक राहतात, कुणी मागेपुढे आलं तर. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. जिल्ह्यातल्या प्रत्येकाला एक थेंब द्यायला डब्यातला ०.०९ मिलिलिटरही रंग लागत नाही. नळाला लोंबणाऱ्या पाण्याच्या दोन थेंबांहून कमी.

डबा सलग दाबून धरला तर पाच मिनिटांत संपतो. म्हणजे सेकंदाला दोन कोटी थेंब. आणि या सगळ्या थेंबांचा पृष्ठभाग एकत्र केला तर ३० चौरस मीटर होतो, सव्वातीनशे चौरस फूट. मूठभर द्रवाला दोन खोल्यांएवढं अंग फुटल्यामुळेच द्रावक हवेतल्या हवेत उडू लागतो. नळीच्या तोंडापासून बंपरपर्यंतचे २५-३० सेंटिमीटर थेंब डोळ्याची पापणी लवायच्या आत कापतो. अंतर थोडं वाढवलं किंवा दुपारच्या चाळीस अंशांत काम काढलं, की थेंब वाटेतच वाळतो आणि बंपरवर रंगाऐवजी रवाळ धूळ बसते. म्हणून इकडे हे काम उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा हिवाळ्यात दुपारी करायचं. पावसाळ्याच्या दमट हवेत उलटी पंचाईत: द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दहिवर धरतं आणि चमक पांढुरकी होते.

हाताचा वेग हा यातला सगळ्यात नाजूक आकडा आहे. सेकंदाला बाहेर पडणाऱ्या रंगातला निम्मा, म्हणजे ०.३३ मिलिलिटर, बंपरवर बसतो असं धरू. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकत असेल आणि फवाऱ्याचा पट्टा दहा सेंटिमीटर रुंद असेल, तर ओला थर ११ मायक्रॉनचा बसतो. छान. हात एकाच जागी एक सेकंद थांबला तर तिथे ४२ मायक्रॉन. दोन सेकंद थांबला तर ८४, आणि उभ्या बंपरवरून ओघळ निघाला. गुळगुळीत काम आणि ओघळ यांच्यात एका सेकंदाची तफावत असते. हा ११ मायक्रॉनचा ओला थर वाळून तीनच मायक्रॉन उरतो, कारण बाकीचा द्रावक होता. रंग झाकायला २० मायक्रॉन हवेत तर एकाच जागेवरून सहा-सात वेळा हात फिरवावा लागणार, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून. पहिल्याच हातात बंपर झाकायला निघालेला माणूस गणिताशी भांडत असतो.

उरलेला निम्मा कुठे गेला? तीनशे कोटी थेंब अंगणात मोकळे सुटलेले असतात. ४० मायक्रॉनचा थेंब हवेत सेकंदाला पाचेक सेंटिमीटरने खाली येतो. एक मीटर उतरायला वीस सेकंद. ताशी दहा किलोमीटरचं साधं वारं असलं तरी तेवढ्यात तो ५५ मीटर लांब गेलेला असतो. दहा मायक्रॉनच्या थेंबाला मीटरभर उतरायला साडेपाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वारं त्याला पाऊण-एक किलोमीटर नेऊ शकतं. वाटेत वाळून तो आणखी हलका होतो, ते वेगळंच. उन्हाळा म्हणजे शेजारच्या पत्र्यावर कुरडया, पापड, शेवया वाळत घातलेल्या. या कामातली सगळ्यात मोठी जोखीम मला तरी तीच वाटते. मास्किंग टेप आणि जुने पेपर गाडीच्या काचांना लावतात. शेजारच्या वाळवणाला काय लावणार?

कापसावर फवारणी केलेल्या माणसाला थेंब आणि वारं शिकवायची गरज नसते. पाठीवरच्या पंपाचा थेंब डब्याच्या थेंबाहून कितीतरी मोठा असतो, तरी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रंग म्हणजे कीटकनाशक नव्हे. पण दहा मायक्रॉनच्या खालचा थेंब रुमालाला जुमानत नाही आणि थेट फुप्फुसात उतरतो, हे दोन्हीकडे सारखं.

एका बंपरचा पूर्ण ताळेबंद आता मांडता येतो. प्लास्टिकचा पातळ प्रायमर जमेत धरला नाही तरी साधा प्रायमर, रंग आणि क्लिअर, म्हणजे वरचा चकचकीत थर, मिळून चार डबे लागतात. एकूण माल १,६०० मिलिलिटर, थेंब २,४०० कोटी, जगाच्या लोकसंख्येच्या तिप्पट. त्यातला ८०० मिलिलिटर द्रववायू २०० लिटर वायू होऊन जातो. पाचशे ऐंशी मिलिलिटरच्या आसपास द्रावक उडून जातो. शंभरेक मिलिलिटर रंग धूळ होऊन इकडेतिकडे बसतो. बंपरवर राहतो तो १०८ मिलिलिटर. शंभरातले जेमतेम सात भाग. तोट्याचा धंदा वाटेल, पण उरलेले त्र्याण्णव भाग हे त्या सात भागांचं गाडीभाडं आहे. त्यांच्यावाचून रंग त्या जागी इतका पातळ आणि सारखा बसलाच नसता. चाकणच्या कारखान्यांत यंत्रमानव हेच काम मिनिटाला ३०,००० ते ५०,००० फेरे घेणाऱ्या चकतीने करतात, थेंबाला विजेचा भार देतात, आणि सात-आठ दशांश रंग बरोबर जागी बसवतात. आपल्याकडे तर्जनी आहे.

वायूचाही विचार करावा. हवेत याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की ती हवा पेट घेऊ शकते. चार डब्यांतला २०० लिटर वायू दहा घनमीटर हवेला त्या पातळीला नेतो. दहा बाय दहाची खोली २८ घनमीटरची असते. तिच्या तिसऱ्या भागाहून जास्त हवा पेटती करायला एक बंपर पुरे, द्रावकाची वाफ अजून मोजलेलीच नाही. खोलीत, पडवीत, चुलीजवळ, देवघरातल्या उदबत्तीच्या आसपास हे काम कधीच नाही.

पांढऱ्या रंगाबद्दल एक वाक्य तरी हवं, कारण आपल्याकडच्या निम्म्या गाड्या डोळ्यांसमोर पांढऱ्याच येतात. पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांचा. कण पाव मायक्रॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या लांबीच्या अर्ध्याएवढा मुद्दाम ठेवलेला, कारण त्याच मापाला प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतो. एका बंपरच्या २० मायक्रॉन थरात असे कण चार कोटी कोटींच्या घरात असतात. तरीही शेजारच्या पत्र्याशी रंग जुळत नाही, कारण माणसाचा डोळा कोटीभर छटा ओळखतो असा अंदाज आहे आणि ऊन खाल्लेला जुना पांढरा ही त्यातली वेगळीच छटा असते.

क्लिअर कोट मात्र रेंगाळण्यासारखा आहे. साध्या डब्यातला क्लिअर वाळतो म्हणजे त्यातला द्रावक उडतो आणि लांब साखळ्यांचा गुंता मागे राहतो. साखळ्या सुट्याच असतात. त्यावर पेट्रोल सांडलं की गुंता सुटतो आणि पेट्रोलच्या टाकीखाली डाग पडतो. दुसरा प्रकार दोन भागांचा: डब्याच्या बुडाशी हार्डनरची कुपी असते, ती फोडायची, हलवायचं आणि एक-दोन दिवसांत डबा संपवायचा, कारण आत रसायनांची सांगड सुरू झालेली असते. बंपरवर बसल्यावर प्रत्येक साखळी शेजारच्या साखळीला पक्की बांधली जाते, ती तिच्या शेजारणीला, आणि असं या टोकापासून त्या टोकापर्यंत. नीट झालं तर बंपरवरचा सगळा चकचकीत थर तत्त्वतः एकच रेणू होतो. पाण्याच्या रेणूचा भार १८. या पावणेदोन मीटर लांबीच्या रेणूचा भार २४ वर २४ शून्यं. हातात घेऊन ठोकता येईल असा रेणू पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही, तो गाडीच्या पुढ्यात असतो.

या चमत्काराची किंमत म्हणजे हार्डनरमधलं आयसोसायनेट. या वर्गातल्या एचडीआय या रसायनासाठी कामाच्या जागी धरली जाणारी सुरक्षित मर्यादा हवेच्या शंभर कोटी भागांत पाच भाग इतकी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तिचं वजन भरतं एक मिलिग्रॅम. मिठाच्या दहा-पंधरा कणांएवढं. त्याने जडणारा दमा एकदा जडला की पुढे त्याहून सूक्ष्म मात्रेलाही उसळतो. तोंडाला गमछा बांधून दोन भागांचा क्लिअर मारणारे मी पाहिले आहेत; त्यांनी हे काम बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या रंगवाल्याकडे द्यावं आणि प्रायमर-रंगावर हौस भागवावी असं माझं स्पष्ट मत आहे. साधा क्लिअर पेट्रोलला भितो, पण माणसाला दम्यात टाकत नाही.

रंग वाळल्यावर बंपर स्वस्थ बसत नाही. पावणेदोन मीटरचा प्लास्टिकचा बंपर जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना असतो आणि मेमध्ये भर दुपारी, काळा असेल तर, ७० ला पोहोचतो. तेवढ्यात त्याची लांबी आठ मिलिमीटरने बदलते. तेवढाच लोखंडी पट्टा सव्वा मिलिमीटर वाढला असता. रंगाला त्या आठ मिलिमीटरबरोबर ताणावं लागतं आणि आक्रसावं लागतं. पत्र्यासाठीची कडक पुट्टी बंपरवर भरली तर पहिल्याच उन्हाळ्यात रंग त्या ठिगळाच्या कडेने तडकतो, कारण ठिगळ ताणायला तयार नसतं. प्लास्टिकची लवचीक पुट्टी वेगळी मिळते.

देशात २०२४-२५ मध्ये ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. ८६ लाख बंपर. अंथरले तर २,१०० एकरांहून जास्त, त्यांवरचा वाळलेला रंग साडेआठ लाख लिटरच्या पुढे. त्यातला प्रत्येक बंपर कधी ना कधी कशाला तरी घासणार आहे.

आणि घासला नाही तरी खडी आहेच. ताशी १०० च्या वेगाने जाताना पुढच्या ट्रकच्या चाकातून सुटलेला दोन ग्रॅमचा खडा बंपरला लागतो तेव्हा त्याची ऊर्जा शंभर ग्रॅमचं वजन पाऊण मीटरवरून पडावं तेवढी असते, आणि ती सगळी टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर येते. तीन मिलिमीटरचा टवका उडतो. शंभर मायक्रॉन खोल धरला तर त्यात मावेल ०.७ घन मिलिमीटर रंग, एकवीस हजार थेंब. डब्याला हा सेकंदाच्या हजाराव्या भागाचा खेळ. पण एवढ्यासाठी डब्याने फवारू नये, थेंब जिथे नको तिथेच बसतात. डब्याच्या झाकणात थोडा फवारा मारायचा, दोन मिनिटं दाट होऊ द्यायचा, काडीपेटीतल्या काडीचं मागचं टोक त्यात बुडवून टवक्यात टेकवायचं, आणि वाळून खाली बसला की उद्या पुन्हा एकदा.